सिस्टरांचे नऊ पेशंट

कुंदामावशींचं नाव आधी घेते. रत्नागिरीत मला टिकून राहता येईल अशी खोली मिळाली ती त्यांच्यामुळे. हाताला काम मिळालं तेही त्यांच्यामुळे. आणि माझ्या हातून जी एक मोठी चूक झाली, ती त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली. काय झालं ते सांगतेच. पण मी मुळात भित्री. सांगता सांगता घाबरते आणि ज्याचं नाव घ्यायचं तेच राहून जातं. म्हणून नाव आधी.

माझं माहेर जतकडचं. सातवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि ऐंशी सालानंतर कधीतरी नवऱ्याच्या मागं इथं आले. तो मासळीचा ट्रक चालवायचा. बंदरावरून माल भरून मुंबईला गेला की चार-चार दिवस पत्ता नाही. पहिल्या वर्षात तीन खोल्या सोडाव्या लागल्या. एका मालकिणीला ट्रकच्या बर्फाचं पाणी अंगणात चालेना, एकीला माझी भाषा कळेना, तिसरीनं कारणच सांगितलं नाही. ट्रंक बांधून बांधून मी इतकी दमले होते की चौथ्या दारात उभी राहिले तेव्हा खोली कशी आहे हेही विचारलं नाही.

दार उघडलं ते पांढरं पातळ नेसलेल्या एका ठेंगण्या बाईनं. मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला फिरवलेलं. म्हणाली, "हात दाखव."

मी दाखवले. त्यांनी नखं बघितली, उलटून तळवे बघितले.

"मागची पडवी रिकामी आहे. राहा. माझ्या स्वयंपाकघरात यायचं तर हात धुवायचे. मग परत धुवायचे."

एवढीच चौकशी. नाव त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

गल्लीत त्यांना सगळे सिस्टर म्हणत. तीस वर्षं इस्पितळात, त्यातली बरीचशी बाळंतिणींच्या वॉर्डात. निवृत्त होऊन दोनेक वर्षं झाली होती, पण पांढरं पातळ काही सुटलं नव्हतं आणि चालही वॉर्डातलीच, आवाज न करणारी. मी चुलीपाशी बसलेली असायची आणि मागं त्या कधी येऊन उभ्या राहिल्यात ते कळायचंच नाही. संध्याकाळी पाच वाजले की घमेल्यात कोमट पाणी घेऊन पाय बुडवून बसायच्या, डोळे मिटून. त्या वेळात कुणी बोलायचं नाही. म्हणायच्या, "नोकरी पायांनी केली गो, आणि निरोपाचा हार घातला तो गळ्यात."

लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. थकलेल्या माणसाला तसलं विचारू नये, एवढं मला कळत होतं.

मधल्या खोलीत खाटेखाली, भिंतीच्या गार बाजूला, त्यांच्या नऊ बाटल्या असत. भंगारातून निवडून आणलेले, उकळत्या पाण्यानं पाच वेळा धुतलेले मोठे काचेचे बुधले. प्रत्येकाच्या बुचातून एक रबरी नळी निघायची आणि तिचं दुसरं टोक शेजारच्या पेल्यातल्या पाण्यात बुडलेलं असायचं. पेल्यात मधूनच बुडबुडा यायचा. बुड्‌. थोड्या वेळानं परत, बुड्‌. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, ह्या बाईनं घरात कुणाला तरी आजारी ठेवलंय.

तसंच होतं म्हणायचं. बाटल्यांना त्या पेशंटच म्हणत. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून त्यावर सरळ अक्षरात लिहिलेलं: करवंद. जांभूळ. रातांबे. काजूचे बोंडू. खाली दाखल झाल्याची तारीख आणि त्याखाली तक्रार. "फेस फार." "गाळ बसत नाही." सकाळी चहाच्या आधी त्यांचा राउंड असे. खाटेखालून एकेक बुधला हलक्या हातानं पुढं ओढायचा, काचेला कान लावायचा, डोळे मिटायचे.

"नाडी चालू आहे," म्हणायच्या आणि पुढच्या बाटलीकडं वळायच्या.

ही घरी करायची वाईन. त्यांना हा नाद लावला अन्नम्मा सिस्टरनं. ती केरळची, दोघी एका क्वार्टरमध्ये वीस वर्षं राहिलेल्या. अन्नम्मा नाताळसाठी काळ्या द्राक्षांची वाईन करायची. इथं द्राक्षं येईतो मलूल होऊन यायची. तेव्हा मावशी म्हणाल्या, आमच्या सड्यावर, कातळावर करवंदं सडतायत ती काय कमी काळी आहेत? पहिल्या वर्षी अर्धी कच्ची करवंदं घेतली. चीक उतरला, दोघींचे ओठ दिवसभर चिकटले. एकदा तर इस्पितळातल्या पेशंटसाठी आणतात ती बार्ली आणून बिअर करायचा घाट घातला. ती पिऊन अन्नम्मा म्हणाली होती, "कुंदा, हे वॉर्डात दे. सगळा पेशंट उद्या घरी पळेल."

पुढं हात बसला. मे महिन्यात पूर्ण काळी झालेलीच करवंदं घ्यायची. देठ काढायचे. चिनीमातीच्या बरणीत हातानं चुरडायची, उकळून गार केलेलं पाणी, साखर, मूठभर गहू आणि बेकरीवाल्याकडचं चिमूटभर यीस्ट. आठवडाभर वर नुसतं फडकं बांधून रोज लाकडी डावानं ढवळायचं. मग मलमलीतून गाळून बुधल्यात, आणि बुचातून नळी. खाली गाळ बसला की वरचं वरचं दुसऱ्या बुधल्यात उतरवायचं. मग थांबायचं. महिने, वर्ष. मावशींना सगळ्यात जास्त हेच यायचं. मी सारखी विचारायची, झालं का हो? त्या म्हणायच्या, "घाई कुणाला आहे? तुला की त्याला?"

स्वतः त्या पीत कितीशा! शनिवारी संध्याकाळी औषध मोजायच्या पेल्यात एक माप. शेजारच्या सुलूवहिनींचे यजमान कुंपणावरून हाक मारायचे, "सिस्टर, आमालापन एक डोस द्या की!"

"आधी केसपेपर काढ."

"आनि पोलीस इले तर?"

"माझ्याकडे परमिट आहे."

"ता पिवचा परमिट हा सिस्टर, करुचा नाय!"

सगळे हसायचे. मी नाही हसायची. आमच्या गावाकडं हातभट्टीवर धाड पडलेली मी लहानपणी बघितली होती. शेजारच्या काकूला केसाला धरून जीपमध्ये घातलं होतं आणि तिची मडकी दारात फोडली होती. तो वास आणि ती जीप माझ्या डोक्यातून गेलीच नव्हती.

माझी पहिली चूक लहान होती. एका बाटलीच्या नळीकडं मुंग्या लागल्या म्हणून मी नळी पेल्यातून काढली आणि तिच्या तोंडात कापसाचा बोळा घालून वर मेण लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बंदूक उडावी तसा आवाज झाला. बूच कौलाला लागलं आणि भिंतीवर, कॅलेंडरवर, मावशींच्या पांढऱ्या पातळावर जांभळाचा सडा.

मावशींनी आधी भिंत बघितली, पातळ बघितलं, मग मला.

"पोट फुगलेल्या माणसाचं तोंड दाबून धरलंस तू. दुसरं काय होणार?"

मग कपाटातून एक लांब वही काढली. वॉर्डात असते तशी, रकाने आखलेली. तिच्यात त्या बाटल्यांचं सगळं लिहीत. त्यांनी लिहिलं, "नळीला बोळा घातला. बूच उडाले." शेवटचा रकाना होता, जबाबदार. तिथं पेन ठेवून वही माझ्यापुढं सरकवली.

"सही कर."

मी कसंबसं नाव लिहिलं. किती वर्षांनी पेन धरलं होतं कोण जाणे. एक अक्षर चुकलं म्हणून खोडायला गेले तर त्यांनी हात धरला.

"ह्या वहीत खोडायचं नाही. चुकलं तर खाली नवीन नोंद करायची. अक्षर चांगलं आहे की तुझं! मग चोरासारखं का लिहितेस?"

त्या दिवसापासून लेबलं मी लिहायला लागले. आधी त्या सांगायच्या तसं, मग माझं मी. वजन, माप, तारीख. कधी मला वाटायचं, बाटल्यांच्या निमित्तानं ही बाई माझी सुटलेली शाळा परत भरवतेय. पण तसं त्या कधी म्हणाल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

नऊ बाटल्यांत भिंतीकडची पहिली बाटली वेगळी. करवंदाची, तीन वर्षांची. निवृत्तीच्या वर्षी, अन्नम्मा केरळला परत जायच्या आधी, ती भरताना दोघींचं ठरलं होतं, ही अन्नम्मा येईल तेव्हाच उघडायची. अन्नम्माचं पत्र आलं त्या दिवशी मावशींनी ते तीनदा वाचलं. तिचे गुडघे गेले होते. फेब्रुवारीत कोल्हापूरवरून एस.टी.नं यायचं म्हणत होती, आणि खाली लिहिलं होतं, हा शेवटचा प्रवास, आता ह्यापुढे नाही. मावशींनी पहिली बाटली फडक्यानं पुसली आणि परत जागेवर ठेवली. नुसतं पुसायला त्यांना पाच मिनिटं लागली.

अन्नम्मा यायच्या दोन आठवडे आधी खेडहून निरोप आला, मावशींचे भाऊ आजारी आहेत. दोन दिवसांसाठी जाताना किल्ली माझ्याकडं दिली. "फक्त पेल्यातलं पाणी बघ. बाकी कशाला हात लावू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी, नवरा मुंबईच्या फेरीवर असताना, सुलूवहिनी कुंपणापाशी आल्या. "काय गो, ऐकलंस? सरकारी जीप फिरताय. खालच्या आळीत घराघरात शिरतायत, खोल्या बघतायत. तुज्या सिस्टरच्या बाटल्या झाकून ठेव हां!" त्या थट्टेत बोलल्या. मला ती गावाकडची जीप दिसली आणि मी आत धावले.

बाटल्या हलवायच्या कुठं? एकेक उचलताना माझा जीव जात होता. ओतून द्यायचा विचार आला, पण पहिल्या बाटलीकडं बघून हात होईना. मग सुचलं. मागच्या मे महिन्यात सुलूवहिनींनी मला कोकमाचं आगळ करायला शिकवलं होतं. पिकलेल्या रातांब्यांत मीठ घालून सुटलेला तो लाल खारा रस इथं घरोघर बाटल्या भरून असतो, सोलकढीला वर्षभर लागतो. रंग असाच. त्याला कुणी पकडत नाही. चव घेतली आणि खारट लागलं की सुटलो!

मी हात धुतले. परत धुतले. मिठाची बरणी घेतली आणि प्रत्येक बुधल्याचं बूच काढून एकेक मूठ खडेमीठ आत टाकलं. नऊच्या नऊ. वरून बुचं लावली, नळ्या लपवल्या, चिकटपट्ट्या काढून नवीन लावल्या आणि त्यावर माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: आगळ.

तासाभरानं जीप आली. हिवतापवाले होते. डासांचं औषध फवारायला आले होते. पाण्याची भांडी झाकायला लावली, भिंतींवर औषध मारलं, दारापाशी गेरूनं तारीख लिहिली. त्यातला एक खाटेखाली वाकला. "ह्या कसल्या हो बाटल्या?"

"आगळ."

"एवढं? सोलकढीची खाणावळ काढताय काय?"

आणि गेले.

मावशी संध्याकाळी आल्या. पिशवी ठेवली, हात धुतले, आणि सकाळचा चुकलेला राउंड घ्यायला खाली बसल्या. पहिल्यांदा लेबल वाचलं. नळ्या शोधून परत लावल्या, पेल्यांत पाणी घातलं, थांबल्या. मग काचेला कान. दुसऱ्या बाटलीला. तिसऱ्या. तरण्या बाटल्या त्या, कालपर्यंत बुडबुडत होत्या.

"नाडी लागत नाही," म्हणाल्या.

मग बोट बुडवून जिभेला लावलं.

मी सगळं सांगितलं. रडत, उलटंसुलटं, जीपपासून काकूच्या केसांपर्यंत. त्यांनी वॉर्डात विचारतात तसं विचारलं.

"मीठ कुठलं? बारीक की खडे?"

"खडे."

"किती?"

"एकेक मूठ."

"पहिल्या बाटलीतही?"

मी मान हलवली. त्यांनी पहिल्या बाटलीवरची माझी चिकटपट्टी सोलून काढली. मग म्हणाल्या, "पोलीस असते आणि त्यांना कळलं असतं, तर काय सांगणार होतीस?"

"माजं हाय म्हणून सांगणार होते."

"तुझं? का गो?"

"तुमाला न्हेलं असतं तर... मग मी कुठं जाणार हुते?"

त्या उठल्या. घमेलं घेतलं, पाणी तापत ठेवलं. मी पडवीत जाऊन ट्रंक काढली. आत लुगडी टाकत होते तेव्हा मागं उभ्या, नेहमीसारख्या आवाज न करता.

"ट्रंक ठेव जाग्यावर. मला भूक लागली आहे. भाकरी टाक."

त्यांना वाटलं असतं तर अन्नम्माला कळवता आलं असतं, येऊ नको. त्यांनी कळवलं नाही. आठ बाटल्या माडाच्या अळ्यात ओतल्या. पहिली मात्र ठेवली. मी विचारलं, ती कशाला? तर म्हणाल्या, "तिच्यासाठी ठेवलेली आहे. ती आल्यावर तीच ठरवेल."

अन्नम्मा सिस्टर आली. दांडगी, काळीसावळी, काठी टेकत. दोघी एकमेकींच्या मनगटाला धरून खूप वेळ उभ्या राहिल्या, जशा काही नाडी बघतायत. संध्याकाळी सुलूवहिनी आणि त्यांचे यजमानही येऊन बसले. मावशींनी पहिली बाटली वर काढली, औषधाच्या पेल्यांत मापं ओतली. रंग असा सुंदर आला होता! मी दाराच्या चौकटीला धरून उभी. मला वाटत होतं, आता माझं नाव येणार.

अन्नम्मानं घोट घेतला. तोंड तसंच ठेवलं. मग गिळलं.

"कुंदा, हे काय? सलाईन काय?"

सुलूवहिनींचे यजमान हसायला लागले आणि पेला तोंडाला लावल्यावर थांबले.

"माझ्या हातून झालं," मावशी म्हणाल्या. "आगळाची बाटली समजून मीठ घातलं."

"तू? तू लेबल वाचलं नाय?"

"नाही वाचलं."

मला नंतर अन्नम्माकडूनच कळलं, मावशींनी एकदा एका नवीन नर्सची तक्रार वरपर्यंत नेली होती, तिनं बाटलीवरचं लेबल न वाचता हात लावला म्हणून. तीस वर्षं वॉर्डात त्या एकच गोष्ट सांगत आल्या होत्या, वाच, मग हात लाव. आणि तीच बाई आता म्हणत होती, नाही वाचलं.

अन्नम्मानं त्यांच्या हातावर हात ठेवला. "म्हातारी झालीस कुंदा," असं काही रागानं नाही, मायेनं म्हणाली. मावशी हसल्या. मी तोंड उघडलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नुसती मान हलवली, एवढीशी. वॉर्डात पेशंटसमोर काही बोलायचं नसलं की हलवत असतील तशी. माझं तोंड मिटलं. मला ते बरंच वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

अन्नम्मा चार दिवस राहून गेली. आणि मग जे झालं ते माझ्या मनात नव्हतं. गल्लीतल्या बायका पोरांना, म्हाताऱ्यांना डॉक्टरनं लिहून दिलेली इंजेक्शनं घ्यायला मावशींकडं आणत असत. ते हळूहळू थांबलं. कुणी तोंडावर काही बोललं नाही. सुलूवहिनी कुंपणावर दबक्या आवाजात म्हणाल्या, "सिस्टरना आता दिसत नाय गो नीट. बाटलीत मीठ घातलान. सुईचा काय भरवसा?" पुढच्या आठवड्यात त्यांच्याच सासूबाई समोरून रिक्षानं दवाखान्यात गेल्या. मावशी दारात उभ्या होत्या. रिक्षा वळेपर्यंत उभ्या राहिल्या, मग आत येऊन सुयांचा डबा उकळून, पुसून, कपाटात वर ठेवून दिला.

तेव्हा तरी मी कुंपणापाशी जाऊन सांगायला हवं होतं. रोज ठरवायची. रोज वाटायचं, सांगितलं तर गल्ली म्हणेल, दारूच्या बाटल्यांत हात घालणारी ही घाटावरची बाई कशाला ठेवलीय? आणि परत ट्रंक. मी मावशींना एकदा म्हटलं, मी सांगते सगळ्यांना. त्या म्हणाल्या, "मला माझं घर आहे. तुला नाही." आणि पाय पाण्यात घालून डोळे मिटले.

दोन वर्षांनी भावाचं दुखणं वाढलं आणि त्या खेडला कायमच्या गेल्या. जायच्या आधी मला फळांचे रस भरायच्या एका लहान कारखान्यात घेऊन गेल्या. मालकाला म्हणाल्या, "ही हात धुते. आणि लेबल वाचते." माझं काम पक्कं झालं. पडवीही माझ्याकडंच राहिली, भावाच्या मुलाशी बोलून त्यांनीच ठरवून दिली.

एस.टी. स्टँडवर मी सोडायला गेले होते. खिडकीशी बसल्या, मांडीवर पिशवी, घड्याळ आतल्या बाजूला. खूप थकलेल्या दिसत होत्या. गाडी सुरू झाली तेव्हा कागदात गुंडाळलेलं काहीतरी खिडकीतून माझ्या हातात दिलं. मी पाया पडायला वाकले तर खिडकी उंच. त्या वरून म्हणाल्या, "बोळा घालू नको कशालाही." तेवढंच. गाडी वळली तेव्हा त्यांनी कपाळ काचेला टेकलं होतं, बाटलीला कान लावायच्या तसं.

कागदात लाकडी डाव होता आणि ती वही. मी घरी येऊन शेवटचं पान उघडलं. सरळ अक्षरात लिहिलं होतं, "सर्व नऊ. मीठ पडले." आणि पुढच्या रकान्यात, जबाबदार: कुंदा.

आता माझ्या खाटेखाली एकच बाटली आहे. करवंदाची. गेल्या मे महिन्यात भरली. रोज सकाळी कामाला जायच्या आधी कान लावते. अजून दोन वर्षं जायची आहेत. तोवर सुलूवहिनींना सांगायचं धैर्य माझ्यात येईल, आणावंच लागेल. अन्नम्मा सिस्टरचा पत्ता वहीच्या मागं आहे. तिला पत्र लिहायला तीनदा बसले, तीनदा उठले. पण ते पत्र जाईल. आणि बाटली तयार झाली की ती आणि वही घेऊन मी खेडच्या गाडीत बसणार आहे. त्यांची नोंद खोडणार नाही, खोडायचं नसतं. तिच्या खाली, त्यांच्या समोर, नवीन नोंद करीन, आणि शेवटच्या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहीन. ह्या वेळी चोरासारखं नाही.